ग्राहकांचे पत्ते उघडे पडले, आता काय करू?

प्रश्न: देवगड तालुक्यात आमची हापूसची सव्वादोनशे कलमं आहेत. चार वर्षांपूर्वी भाच्याने वेबसाइट करून दिली, तेव्हापासून निम्मा माल थेट पुण्या-मुंबईच्या घरांत जातो. ऑर्डर गूगल फॉर्मवर येते. यंदा एप्रिलमध्ये पुण्याच्या एका ताईंचा फोन आला. फॉर्म भरल्यावर त्यांना खाली एक लिंक दिसली, ती उघडली तर बाकी ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर सगळं समोर. त्याआधी दोन जुन्या ग्राहकांनी सांगितलं होतं की भलत्याच आंबेवाल्याचे मेसेज येतात. आमची वेबसाइट हॅक झाली का? बंद करून टाकू? भाचा म्हणतो, आता स्वतःचा फॉर्म वेबसाइटवरच बसवू. बागेत दोन खोल्या आहेत, तिथे पाहुणेही उतरतात. वेबसाइटवर इंग्रजीत 'प्रायव्हसी पॉलिसी' आहे, पण ती आमच्यापैकी कुणी वाचलेली नाही.

उत्तर: वेबसाइट बंद करू नका आणि भाच्यावर रागावूही नका. तुम्ही जे लिहिलंय ते हॅकिंगचं लक्षण नाही. गूगल फॉर्ममध्ये एक सोय असते. ती चालू असली की फॉर्म भरणाऱ्याला शेवटी आधीची सगळी उत्तरं पाहण्याची लिंक मिळते. सहलीला कुठे जायचं अशा मतचाचणीसाठी ती ठीक आहे. ऑर्डरच्या फॉर्मवर ती चालू राहिली, तर प्रत्येक नवीन ग्राहक आधीच्या प्रत्येकाचा पत्ता वाचू शकतो. त्या ताईंनी कळवण्याची तसदी घेतली. दुरुस्ती झाली की त्यांना स्वतः फोन करून सांगा.

हे काम आज रात्रीच करा, आणि मोबाइलवर नको, संगणकावर करा. आधी पुरावा ठेवा. ती लिंक स्वतः उघडा, तिचा पत्ता कागदावर किंवा फाइलीत उतरवा, पडद्याचा फोटो घ्या, तारीख-वेळ लिहा. मग फॉर्म संपादनासाठी उघडून 'सेटिंग्ज'मध्ये 'प्रेझेंटेशन' भागात 'व्ह्यू रिझल्ट्स समरी' हे बटण बंद करा. आता ब्राउझरची खासगी विंडो, म्हणजे 'इनकॉग्निटो', उघडून दोन गोष्टी तपासा. एक खोटी ऑर्डर भरून शेवटी लिंक येत नाही ना ते पाहा. आणि मघाशी उतरवलेला जुना पत्ता तिथे टाकून तो खरंच बंद झालाय का तेही पाहा. दुसरी तपासणी बहुतेक जण विसरतात. ज्यांनी ती लिंक जपून ठेवली असेल त्यांच्याकडे तो जुनाच पत्ता आहे.

फॉर्मच्या मागे जी शीट भरत जाते, तिला तीन वेगळी दारं आहेत आणि एक लावलं म्हणून बाकीची लागत नाहीत. पहिलं 'शेअर' बटणाखाली. तिथे 'एनीवन विथ द लिंक' असेल तर 'रिस्ट्रिक्टेड' करा. तिथल्याच दातेरी चक्रावर क्लिक करून संपादकांना पुढे शेअर करण्याची आणि बघणाऱ्यांना उतरवून घेण्याची मुभा काढा. दुसरं दार 'फाइल' मेनूत शेअरखाली, 'पब्लिश टू वेब' नावाचं. कधीतरी शिल्लक डझनांचा आकडा वेबसाइटवर दाखवण्यासाठी ते उघडलेलं असतं आणि मग राहून जातं. शेअर 'रिस्ट्रिक्टेड' केलं तरी प्रसिद्ध झालेली प्रत चालूच राहते, म्हणून तिथे जाऊन 'स्टॉप पब्लिशिंग' करावंच लागतं. तिसरं दार म्हणजे आतापर्यंत बाहेर गेलेल्या प्रती: टेम्पोवाल्याला पाठवलेली पीडीएफ, पॅकिंगच्या मुलांच्या मोबाइलमधली एक्सेल, भाच्याच्या लॅपटॉपमधला 'डाउनलोड्स' फोल्डर. त्या एकेकाला फोन करून काढायला सांगा. गूगल ड्राइव्हमधून काढलेली फाइल कचरापेटीत ३० दिवस राहते, ती पेटीही रिकामी करा.

जुन्या ग्राहकांना दुसऱ्याचे मेसेज आले, त्यांचे नंबर या उघड्या लिंकवरून किंवा एखाद्या फिरलेल्या शीटवरून गेले असू शकतात. पण आणखी एक वाट अगदी नेहमीची आहे. तुमचा ग्राहकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे का? ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. वेबसाइटवर ग्रुपची लिंक टाकली असेल तर कुठलाही व्यापारी ग्राहक म्हणून आत येऊन दोन मिनिटांत सगळे नंबर उतरवून घेऊ शकतो. ग्रुपची लिंक 'रीसेट' करा आणि भाव कळवण्यासाठी ब्रॉडकास्ट यादी वापरा, तिच्यात मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो. एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच मेसेज पोचतो. ही अडचण वाटते, पण ती ग्राहकाच्या बाजूची आहे. नंबर साठवला याचा अर्थ त्याला तुमचे मेसेज हवेत. ईमेल पाठवत असाल तर सगळे पत्ते 'बीसीसी'मध्ये, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत. 'टू'मध्ये टाकलेत तर तीच ग्रुपची गत होते.

आता सगळ्यात जड काम. ज्यांचे पत्ते दिसले त्यांना कळवा. गप्प राहावंसं वाटेल, हंगामात तर जास्तच. पण त्यांच्या दारावर उद्या कुणी 'देवगडहून आलोय, पैसे राहिलेत' म्हणून उभा राहिला, तर तो खोटा आहे हे ओळखायला त्यांना ही माहिती लागते. मेसेज एवढाच पुरे:

'नमस्कार. आमच्या ऑर्डर फॉर्ममधल्या चुकीच्या सेटिंगमुळे आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत इतर ग्राहकांना दिसू शकत होता. पैशांची किंवा बँकेची माहिती त्यात नव्हती. ती वाट आम्ही बंद केली आहे. आमच्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका, याच नंबरवर आम्हाला फोन करा. चूक आमची आहे, माफी असावी.'

पैशांबद्दलचं वाक्य खरं असेल तरच ठेवा. फॉर्ममध्ये पेमेंटचे स्क्रीनशॉट मागवत असाल, तर ते वाक्य काढून काय काय उघडं होतं ते स्पष्ट लिहा.

याला कायद्याचीही बाजू आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. त्यानंतर असा प्रसंग घडला, तर ज्याची माहिती गेली त्या प्रत्येकाला आणि डेटा संरक्षण मंडळाला कळवणं बंधनकारक असेल. मंडळाला तपशीलवार अहवाल ७२ तासांत द्यायचा. माहिती सांभाळण्याची पुरेशी व्यवस्था नसणं हा त्या कायद्यातला सर्वात मोठा दोष, त्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेवढा दंड दोनशे कलमांच्या बागेसाठी नाही, दोषाच्या आणि नुकसानीच्या मानाने तो ठरतो. पण बाग लहान म्हणून कायद्यातून सुटका आहे, असं समजून चालू नका.

मग फॉर्मकडे वळा. पेटी पोचवायला लागतं काय? नाव, एक फोन नंबर, पिनकोडसह पत्ता, किती डझन, आणि कोणत्या आठवड्यात हवी. ईमेल ऐच्छिक. जन्मतारीख, व्यवसाय, 'आमच्याबद्दल कुठून कळलं', दुसरा फोन नंबर, हे सगळं काढा. जे घेतलंच नाही ते सांभाळावं लागत नाही. पेमेंटचा स्क्रीनशॉट मागवणं मात्र आजच थांबवा. त्यात ग्राहकाची बँक, यूपीआय आयडी, कधी वरच्या पट्टीत आलेला दुसरा मेसेजही असतो. त्याऐवजी व्यवहाराचा १२ आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक लिहायला सांगा, तुमच्या खात्याच्या नोंदीशी तो जुळवता येतो. शिवाय स्क्रीनशॉट बनावट करता येतो. क्रमांक खात्यात जमेला दिसला की दिसला.

पुष्कळदा जर्मनीतला मुलगा पुण्यातल्या आईवडिलांसाठी पेटी मागवतो. तेव्हा फॉर्ममध्ये दोन माणसांची माहिती येते आणि त्यातल्या एकाला त्याची कल्पनाच नसते. 'ही ऑर्डर दुसऱ्यासाठी असेल तर त्यांना आधी सांगा' एवढी ओळ पत्त्याच्या रकान्याखाली घाला. वयस्क माणसांना अनोळखी फोन येतो तेव्हा ती घाबरतात, त्यातलं अर्धं या ओळीने टळतं.

भाच्याच्या नव्या फॉर्मबद्दल. कल्पना चांगली आहे, पण गूगल जे सांभाळत होतं ते आता तुम्हाला सांभाळायचंय. त्याला पुढच्या गोष्टी वाचून दाखवा. फॉर्म 'पोस्ट' पद्धतीने पाठवायचा, 'गेट'ने कधीच नाही. 'गेट'मध्ये नाव, पत्ता, फोन सगळं वर ब्राउझरच्या पट्टीत लिंकचा भाग बनून येतं. तिथून ते सर्व्हरच्या नोंदीत, ग्राहकाच्या ब्राउझरच्या इतिहासात आणि पानावर मोजणीचं एखादं साधन असेल तर त्या कंपनीकडेही जातं. फॉर्म भरून पाहा, 'धन्यवाद'च्या पानावर वरच्या पट्टीत तुमचा फोन नंबर दिसला तर हीच चूक आहे.

दुसरी चूक ऑर्डर क्रमांकाची. पानाच्या लिंकच्या शेवटी १०४३ असेल आणि तिथे १०४२ टाकल्यावर दुसऱ्याची ऑर्डर उघडत असेल, तर ती सगळी यादी जगाला उघडी आहे. क्रमांकासोबत लांब, अंदाज न बांधता येणारी किल्ली हवी आणि सर्व्हरने ती तपासायला हवी. क्रमांक १०४२ ऐवजी मोठा केला, एवढ्याने काही होत नाही.

तिसरी, फायली ठेवण्याची जागा. वेबसाइट वर्डप्रेसवर बनवली असेल आणि त्याच्या 'अपलोड्स' फोल्डरमध्ये ऑर्डरची एक्सेल ठेवली की तिची लिंक ज्याला कळेल त्याला ती मिळते. होस्टिंगच्या, म्हणजे वेबसाइटला जागा देणाऱ्या कंपनीच्या, 'सीपॅनेल' या व्यवस्थापनाच्या पानावर 'इंडेक्सेस' नावाचं चिन्ह असतं, तिथे 'नो इंडेक्सिंग' निवडा म्हणजे निदान फोल्डरची यादी दिसणार नाही. पण ग्राहकांची फाइल मुळात तिथे नकोच. शोधयंत्रांनी कुठे पाहू नये हे सांगणाऱ्या 'रोबोट्स' फाइलीत त्या फोल्डरचं नाव घालून भाचा निर्धास्त झाला असेल, तर त्याला थांबवा. ती फाइल कुणीही वाचू शकतं. शोधयंत्र तिचं ऐकतं, चोराला ती जागा दाखवून देते. वर्डप्रेसमधलं 'कॉन्टॅक्ट फॉर्म ७' हे प्लगइन, म्हणजे वरून जोडायची सोय, स्वतःजवळ नोंदी ठेवत नाही, फक्त ईमेल पाठवतं. लहान बागेला ते बरं. एकच जागा सांभाळायची, तुमचा मेलबॉक्स. त्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा.

वेबसाइटच्या पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' नसेल, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात जात नसेल, तर बाकी सगळं व्यर्थ आहे. त्यासाठी लागणारं 'लेट्स एन्क्रिप्ट'चं प्रमाणपत्र फुकट मिळतं. त्याची मुदत थोडी असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होतंय ना ते होस्टिंगवाल्याला विचारून घ्या. ऐन मे महिन्यात ते संपलं तर ग्राहकाला 'ही जागा सुरक्षित नाही' अशी लाल पाटी दिसते आणि तो परत जातो.

ऑर्डर न देता नुसतं बघून जाणाऱ्यांचीही माहिती जाते, आणि ती बागेच्या मालकाला दिसतही नाही. संगणकावर क्रोममध्ये आपली वेबसाइट उघडा, एफ-१२ दाबा, 'नेटवर्क' निवडा आणि पान पुन्हा लोड करा. खाली जी यादी धावते, त्यात तुमच्या नावाशिवाय दुसरी नावं किती आहेत ते मोजा. प्रत्येक नाव म्हणजे एक कंपनी, जिला तुमची साइट बघणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे त्याचा इंटरनेटवरचा क्रमांक, आणि बहुधा तो कोणत्या साइटवर आहे हेही कळलं. फॉन्ट, नकाशा, व्हिडिओ, फेसबुकचा पिक्सेल (जाहिरातींसाठी माग ठेवणारा छोटा कोड), चॅटची खिडकी, हे नेहमीचे मानकरी.

पिक्सेल पहिल्यांदा काढा. त्यात 'ऑटोमॅटिक अॅडव्हान्स्ड मॅचिंग' चालू असेल तर फॉर्ममध्ये लिहिलेला ईमेल आणि फोन तो सांकेतिक रूपात फेसबुककडे पाठवतो, त्यांच्याकडच्या खात्याशी जुळवण्यासाठी. तुमची जाहिरात चालू नसेल तर त्याचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. फॉन्टचं काम सोपं आहे. 'मुक्ता' किंवा 'बालू' हे देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत. गूगलकडून दर वेळी मागवण्याऐवजी एकदाच उतरवून आपल्या सर्व्हरवर ठेवा. म्युनिकच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये, संमतीशिवाय गूगल फॉन्टमुळे आयपी पत्ता गेला म्हणून, एका साइटच्या चालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली होती. तो निकाल तिथला. तिथल्या मराठी माणसाने तुमची साइट नुसती उघडली म्हणून युरोपचा कायदा तुम्हाला लागत नाही. युरोत भाव लावून तिथे माल विकायला लागलात तर मात्र लागतो.

नकाशाच्या जागी बागेच्या रस्त्याचं साधं चित्र आणि त्याखाली नकाशाची लिंक ठेवा. ज्याला यायचंय तो दाबेल, बाकीच्यांचं काही जाणार नाही. व्हिडिओलाही हेच, एक फोटो आणि लिंक. चॅटच्या खिडकीऐवजी व्हॉट्सअॅपची साधी लिंक. पानही हलकं होतं, आणि घाटात एक कांडी रेंज असताना उघडतं. किती लोक आले हे कळायला हवंच असेल तर सीपॅनेलमध्ये बहुतेक ठिकाणी 'एडब्ल्यूस्टॅट्स' असतं. ते सर्व्हरच्याच नोंदी मोजतं, साइट बघणाऱ्याच्या फोनवर काही बसवत नाही.

ग्राहकांच्या कौतुकाचे व्हॉट्सअॅप स्क्रीनशॉट वेबसाइटवर असतील तर आता जाऊन पाहा. वर नाव, फोटो, कधी नंबरही असतो. विचारून घ्या, आणि नंबर झाकायचा तर कापून टाका किंवा पक्का काळा चौकोन मारा. फोनमधल्या हायलायटरने काळं केलेलं उजेड वाढवला की पुन्हा वाचता येतं. पाहुण्यांच्या मुलांचे बागेतले फोटो आईवडिलांच्या लेखी होकाराशिवाय नकोत. कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे. मूळ फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात, म्हणून तेही काढून मगच तो चढवा.

ड्रायव्हरला पूर्ण शीट देऊ नका. रकाने लपवून दिलेली शीटही नको, तिची प्रत काढली की लपवलेलं उघडं होतं. त्या फेरीच्या पेट्यांपुरती नवी यादी करा: नाव, पत्ता, फोन, डझन. छापून दिली तर उत्तम, फेरी संपली की कागद परत घ्या. पेटीवरच्या चिठ्ठीवर किंमत आणि ईमेल कशाला?

ती इंग्रजी पॉलिसी काढून टाका. तुम्ही न वाचलेलं वचन तुमच्या नावावर आहे, आणि ते बहुधा खोटंही आहे. कायद्यानुसार माहिती कशासाठी घेतो ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी ग्राहकाला हव्या त्या भाषेत वाचता आली पाहिजे, आणि मराठी त्यात आहेच. फॉर्मच्या अगदी वर हे ठेवा, शेजारी इंग्रजी प्रतही:

'पेटी पोचवण्यासाठी आम्ही आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबर घेतो. तो आमच्या घरातली माणसं आणि पेटी आणणारा ड्रायव्हर यांनाच दिसतो. आम्ही तो कुणाला विकत किंवा देत नाही. पुढचा हंगाम संपला की आम्ही तो काढून टाकतो, हिशेबाची बिलं तेवढी कायद्याने ठरलेल्या मुदतीपर्यंत राहतात. आपली माहिती पाहायची, दुरुस्त करायची, काढायची किंवा दिलेली संमती मागे घ्यायची असेल तर या नंबरवर सांगा. आमच्याकडून दाद मिळाली नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करता येते.'

त्याखाली वेगळा चौकोन: 'पुढच्या वर्षी आंबा तयार झाला की मला कळवा.' तो रिकामा असू द्या. आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, ग्राहकाने स्वतः करायला हवं. आणि तो रिकामा ठेवला तरी ऑर्डर गेली पाहिजे. मुदत मी दोन हंगामांची लिहिली ती मुद्दाम. नव्या नियमांत माहिती आणि तिच्या वापराच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवायला सांगितलंय, त्यामुळे जूनमध्ये लगेच सगळं पुसू नका. मात्र तुमच्या शीटमध्ये चार वर्षांची ओळ न् ओळ असेल. त्यातली पहिली दोन वर्षं बिलं वेगळी काढून या पावसाळ्यातच काढा.

राहिल्या दोन खोल्या. बुकिंगच्या फॉर्मवर आधारचा फोटो मागू नका. ओळख पाहायची ती पाहुणा आल्यावर, आणि प्रत ठेवणं भागच असेल तर 'मास्क्ड आधार' मागा. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, तो आधारच्या अधिकृत साइटवरून पाहुण्याला स्वतःला काढता येतो. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती सरकारला २४ तासांत कळवावीच लागते, ती सरकारी साइटवर थेट भरा. रजिस्टर पडवीत उघडं ठेवू नका, नवा पाहुणा सही करताना आधीच्या पानभर लोकांचे नंबर वाचतो. आणि आतापर्यंत व्हॉट्सअॅपवर आलेले आधारचे फोटो तुमच्या गॅलरीत असतील, तिथून गूगल फोटोजमध्येही चढले असतील. चॅट, गॅलरी, गूगल फोटोज आणि तिथली कचरापेटी, चारही ठिकाणांहून काढा.